दुखऱ्या देहाची मशागत

दुखणे बरे होणे आणि माणूस बरा होणे ह्या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये बहुधा काही महिन्यांचे अंतर असते. हाडाचे प्लास्टर काढले जाते, शस्त्रक्रियेचे टाके वाळतात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टर हळूहळू हिंडण्याफिरण्याची परवानगी देतात. भेटीला येणाऱ्यांची वर्दळ थांबते, फळांच्या पिशव्या येणे बंद होते. जगाच्या हिशेबी तो माणूस बरा झालेला असतो. परंतु जिना चढताना त्याला कठड्याचा आधार लागतो, भरलेली कळशी उचलताना खांद्यातून कळ निघते, आणि जमिनीवर बसल्यावर पुन्हा उठता येईल की नाही ह्या शंकेने तो खाली बसण्याचेच टाळतो. तो आजारी नाही आणि धडधाकटही नाही. ह्या मधल्या काळाला आपल्या बोलण्यात नीटसे नावही नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याविषयी फारसा विचारही झालेला नाही.

ह्या काळात एक प्रश्न उभा राहतो. वरकरणी तो वैद्यकीय दिसतो, पण आम्हाला तो मूलतः नैतिक वाटतो. ह्या दुखावलेल्या देहाकडून आपण किती मागावे? आणि त्या देहाला आपल्याकडून काय मागण्याचा अधिकार आहे? गेलेले बळ परत मिळविण्यासाठी झटणे हे कर्तव्य आहे, की देवाने घातलेली मर्यादा न मानण्याचा हट्ट?

आपल्या वसईच्या पट्ट्यात हा प्रश्न पूर्वी अशा रूपात पडत नसे, कारण बळ ही वेगळी कमवायची वस्तू नव्हती. रहाटाचे पाणी पाटांनी वाडीत खेळवणे, बावखलातले पाणी हंड्यांनी आणून भाजीला घालणे, केळीचे घड खांद्यावरून वाहणे, फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरचा बाजार गाठणे, ह्या सर्वांतून पोट भरत होते आणि त्याबरोबर अंगात बळही भरत होते. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही; त्याच कष्टांनी कितीतरी पाठी आणि गुडघे कायमचे झिजवले. पण आज विहिरीवर पंप आहे, दारात स्कूटर आहे, आणि नोकरी खुर्चीतली आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर एखादा अपघात किंवा आजार गाठतो तेव्हा देहाजवळ मागची शिल्लकही थोडी असते, आणि ती भरून काढणारा रोजचा उद्योगही उरलेला नसतो. वसईत जागोजागी व्यायामशाळांच्या पाट्या दिसतात. पण कमरेला पट्टा बांधलेल्या साठीच्या गृहस्थाला किंवा गुडघा बदललेल्या मावशींना त्या पाटीवरच्या पिळदार तरुणाचे चित्र पाहून आत पाऊल टाकावेसे वाटेल असे नाही.

अशा माणसापुढे सहसा दोन वाटा असतात, आणि आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली वाट शौर्याची. कालपर्यंत मी पन्नास किलोचे पोते उचलत होतो, तेव्हा आजही उचलीन, असे म्हणून माणूस प्लास्टर निघाल्याच्या आठवड्यातच जुन्या ओझ्याला हात घालतो आणि पुन्हा अंथरुणाला खिळतो. दुसरी वाट निरोपाची. आता आमचे काय राहिले, असे म्हणून तो खुर्चीत बसतो, आणि ती खुर्ची हळूहळू त्याचे घर होते. पहिल्या माणसाला आपण जिद्दी म्हणतो, दुसऱ्याला सोशिक. दोन्ही शब्द गौरवाचे आहेत. प्रत्यक्षात दोघेही एकच गोष्ट टाळत असतात. आज, ह्या घटकेला, आपल्या अंगात नेमके किती बळ आहे हे पाहण्याचे धैर्य दोघांनाही होत नाही. एक कालच्या देहात राहतो, दुसरा परवाच्या भीतीत.

वैद्यकशास्त्रानेही ही भूल अनुभवली आहे. कंबर धरली की आठवडाभर अंथरुणात पडून राहावे, हा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. १९८६ साली अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगितली होती. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस बरेच कमी बुडाले, आणि अधिक विश्रांतीने दुसऱ्यांचा काही विशेष लाभ झाला असे आढळले नाही. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस बिछान्यात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो मांस त्या अवधीत झडले. विश्रांती हे औषध आहे ह्यात शंका नाही. पण प्रत्येक औषधाप्रमाणे त्यालाही मात्रा आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावा अधिक आशादायक आहे. १९९० साली डॉ. मारिया फियातारोने ह्यांनी बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमातील दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांच्या बळाचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. ते अशक्त होते आणि बहुतेकांना अनेक व्याधी होत्या. नऊ जणांनी तो क्रम पुरा केला, आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरीने पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढले. हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता हे विसरून चालणार नाही. तरीही नव्वदीच्या देहाची माती इतकी जिवंत असेल, तर साठीच्या देहाला नापीक ठरविण्याची घाई आपण का करावी?

ह्या शास्त्राचा उगम युद्धातल्या जखमींमध्ये आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील लष्करी रुग्णालये पाय-गुडघे मोडलेल्या सैनिकांनी भरली होती. शिकागोच्या अशाच एका रुग्णालयात डॉ. टॉमस डीलॉर्म हे तरुण लष्करी डॉक्टर काम करीत होते. लहानपणी त्यांना स्वतःलाच संधिवाताच्या तापाने दीर्घकाळ अंथरुणात ठेवले होते, आणि वजने उचलून त्यांनी आपले बळ पुन्हा कमावले होते. दुखावलेल्या अवयवाला हलक्या हालचालींपलीकडे काही देऊ नये असा तेव्हाचा प्रघात होता. डीलॉर्म ह्यांनी मोजून, क्रमाने वाढत जाणारे ओझे देण्यास आरंभ केला, आणि १९४५ साली आपले निष्कर्ष मांडले. पुढे ही पद्धत साधी करण्यात आली: रुग्ण जे ओझे दहा वेळा उचलू शकतो ते आधी शोधावे, मग त्याच्या निम्म्याने प्रथम, पाऊणपटीने नंतर, आणि शेवटी पुऱ्या ओझ्याने दहा-दहा आवर्तने करावीत, बळ वाढले की ओझे पुन्हा मोजावे.

ह्या पद्धतीचा नैतिक गाभा तिच्या पहिल्या पायरीत आहे. आधी मोजावे. काल काय उचलत होतो हे येथे कोणी विचारत नाही, शेजारचा काय उचलतो हेही विचारत नाही. ज्याने एके काळी पोती वाहिली त्याने अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून प्रारंभ करणे ह्यात एक प्रकारचे सत्यकथन आहे. नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, अशी आपली समजूत असते. खरी नम्रता म्हणजे आपले माप आहे तसे सांगणे, आणि त्या मापाची लाज न बाळगता तेथून कामाला लागणे.

ह्या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे चरित्र उद्बोधक आहे. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले. तरी एक टोक पुढे आलेले राहिले. घट्ट बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्या तरुण सरदाराने ते हाड करवतीने कापून घेतले. तो पाय अखेरपर्यंत आखूडच राहिला. येथपर्यंत ही देहाच्या अभिमानाची कथा आहे. पुढे मनपरिवर्तन झाल्यावर मानरेसा येथे त्यांनी उपवासांचा आणि जागरणांचा असा कहर केला की पोटाचे दुखणे जन्मभर पाठीशी लागले. जो देह आधी मिरवण्यासाठी कापला, तोच आता प्रायश्चित्तासाठी मोडला. आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा टप्पा. प्रौढ वयात आपल्या संघाचे नियम रचताना त्यांनी देहाची अतिरिक्त काळजी जशी निंद्य मानली, तशी प्रकृती राखण्याची योग्य काळजी स्तुत्य मानली. आणि १५४८ साली गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा ह्यांना पत्र लिहून उपवास आवरण्याचा आणि अंगात बळ आणण्याचा सल्ला दिला. देहाशी दोन टोकांनी भांडून झाल्यावर त्याच्याशी केलेला हा समेट होता. असिसीचे संत फ्रान्सिस देहाला 'गाढव बंधू' म्हणत, आणि त्याला फार राबवल्याबद्दल आयुष्याच्या अखेरीस त्यांनी त्याची क्षमा मागितली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. क्षमा मागण्याची वेळ यावी, इतके कोणाचे तरी देणे आपण लागतो, हे त्यातून ध्यानी येते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही हाच तोल सांभाळला आहे. आरोग्य ही देवाने सोपवलेली देणगी असून तिची वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे तो सांगतो, आणि लगोलग देहपूजेच्या पंथापासून सावध करतो. सोपवलेली वस्तू हा शब्दच महत्त्वाचा आहे. वाडी वडिलांकडून आलेली असते आणि मुलांकडे जायची असते; मधल्या काळात तिची मशागत करणे हे आपले काम. अतिपावसाने एखादा तुकडा खचला म्हणून कोणी सगळी वाडी ओसाड टाकत नाही, आणि खचलेल्या तुकड्यात पहिल्याच वर्षी जड पीकही घेत नाही.

आता घरातल्या एका गोष्टीविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्या कुटुंबांत आजाऱ्याची सेवा मनापासून होते, आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. पण ह्या सेवेला शेवट कोठे करावा हे आपल्याला कळत नाही. 'आजी, तू बस, मी आणते,' 'बाबा, तुम्ही पिशवीला हात लावू नका,' असे म्हणताना आपण त्यांच्यावर प्रेम करीत असतो, आणि त्याच वेळी त्यांच्या हातापायांना राहिलेले थोडेसे काम काढून घेत असतो. ताटली उचलून मोरीपर्यंत नेणे, दळणाची लहान पिशवी धरणे, तुळईवरच्या डब्याकडे हात लांबवणे, हीच त्या देहाची व्यायामशाळा होती. पाहणाऱ्याला धीर धरवत नाही, कारण आजी दहा मिनिटांनी जे करील ते आपण एका मिनिटात करू शकतो. तेव्हा ही सेवा अंशतः आपल्याच सोयीसाठी असते. कफर्णहूममध्ये चार जणांनी छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला प्रभूने उठविल्यावर त्याची बाज उचलण्याचे काम त्या चौघांवर टाकले नाही, ज्याची बाज त्यानेच ती उचलून घरी न्यावी असे सांगितले. त्या चौघांनी आधी उचलले हे प्रेम होते. नंतर बाजूला झाले, हेही प्रेमच होते.

बळ परत येते म्हणजे जुने दिवस परत येतात असे मात्र समजू नये. पुण्याला कर्मभूमी मानणारे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार ह्यांना १९७९ साली, साठी पूर्ण झालेली असताना, स्कूटरच्या अपघातांनी पाठ, खांदे आणि गुडघे ह्यांना जबर दुखापती झाल्या. जगाला आसने शिकविणाऱ्या ह्या माणसाला सोप्या हालचालींपासून पुन्हा उभे राहावे लागले, आणि त्यासाठी अनेक वर्षे सराव करावा लागला. खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी विटा अशा साधनांचा आधार घेऊन आजारी आणि वृद्ध माणसालाही आसन साधता यावे, ही त्यांची मोठी देणगी. आधार घेणे म्हणजे कमीपणा, ही समजूत त्यांच्या पद्धतीने खोडून काढली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ह्यांची कहाणी निराळी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय कायमचे गेले. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारा हा जवान पुन्हा रिंगणात उतरणार नव्हता. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. एकाला जुनी वाट पुष्कळशी परत मिळाली, दुसऱ्याला जुनी वाट बंद झाली आणि नवी शोधावी लागली.

आणि ज्यांना ह्यांपैकी काहीच मिळणार नाही त्यांचे काय? काही व्याधी वाढतच जातात. कितीही नेमाने व्यायाम केला तरी बळ ओसरत राहते. संत पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीनदा विनवणी केली, तरी तो काटा राहिलाच. म्हणून बळाला सद्गुण मानण्याची चूक आपण करू नये. ज्याचे बळ वाढले तो अधिक पुण्यवान, आणि ज्याचे खचले तो आळशी, असा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला नाही. मशागत करणे आपल्या हाती आहे, पीक किती येईल ते नाही. ज्याच्या हाताची मूठ आज कालइतकीच मिटते, उद्या कदाचित कमी मिटेल, आणि तरी जो सकाळी दहा वेळा ती मिटून उघडतो, त्याने आपले काम पुरे केले आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे करावे, ह्याविषयी थोडक्यात सांगतो. आरंभ आपल्या डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने व्हावा, विशेषतः हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, हर्निया, ठिसूळ हाडे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर. प्रत्येकाच्या दुखापतीला निराळे पथ्य असते, आणि शेजाऱ्याचा व्यायाम आपल्याला लागू पडेलच असे नाही. ज्यांना मोकळीक मिळेल त्यांच्यासाठी घरातली साधने पुरेशी आहेत: भक्कम खुर्चीवरून शक्य तितका कमी आधार घेऊन उठणे आणि सावकाश बसणे, भिंतीला तळहात टेकून अंग पुढे नेणे व मागे ढकलणे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याची बाटली हातात घेऊन कोपरातून वर आणणे. आठ-दहा वेळा पुरे, आणि एकाआड एक दिवस पुरे, कारण स्नायू विश्रांतीच्या दिवशी घडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही आठवड्यातून किमान दोन दिवस बळाचा व्यायाम सांगितला आहे, आणि दीर्घ व्याधी व अपंगत्व असलेल्यांनाही त्यातून वगळलेले नाही. जोर लावताना श्वास सोडावा, रोखून धरू नये. श्वास कोंडल्याने रक्तदाब एकाएकी चढतो. थोडा ताण जाणवणे ठीक. पण तीव्र कळ आली, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, तर तो पुढच्या खेपेस ओझे कमी करण्याचा निरोप समजावा. छातीत दुखले, घेरी आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. आणि ताटात डाळ, अंडे, मासळी, दूध ह्यांपैकी प्रकृतीला मानवेल ते असावे. मातीला खत लागतेच.

आणखी एक गोष्ट धीर देणारी आहे. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढल्यासारखे वाटते, ते बहुतांशी स्नायू वाढल्याने येत नाही. मेंदू आणि नसा त्या स्नायूला पुन्हा हाक मारायला शिकतात म्हणून येते. देह जणू आपले विसरलेले काम आठवत असतो. स्नायू भरायला त्यानंतर महिने लागतात, आणि हाडाला जोडणारे कंडरे त्याहूनही सावकाश तयार होतात. पुष्कळांची दुखापत ह्याच टप्प्यावर उलटते, कारण स्नायू तयार आहे म्हणून ते ओझे वाढवतात आणि कंडरा अजून तयार नसतो. ज्याला थांबून वाट पाहता येते, त्यालाच हे बळ टिकवता येते.

शेवटी, हे बळ कशासाठी? आरशासाठी नाही, हे आपल्याला पटवावे लागणार नाही. नातवंडाला कडेवर घेता यावे, न्हाणीघरात पाय घसरला तर तोल सावरता यावा, शेजारी मयत झाल्यावर शवपेटीला खांदा देता यावा, दुसऱ्याच्या मदतीवाचून स्वतःचे अंग धुता यावे, एवढ्या साध्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. मिस्साच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून खंतावणारी कितीतरी वडीलधारी मंडळी आपल्या चर्चमधील मागच्या बाकांवर बसलेली असतात. बसून केलेली प्रार्थना उणी नसते, हे त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगितले पाहिजे. त्यांच्यापैकी काहींना पुन्हा गुडघे टेकता येतीलही, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून पापडीतील आणि आसपासच्या धर्मग्रामांतील मंडळींपुढे एक लहानशी सूचना ठेवावीशी वाटते. आपली सभागृहे लग्नसमारंभ आणि बैठका ह्यांसाठी वापरली जातात; एरवी सकाळी ती रिकामी असतात. आठवड्यातून दोन सकाळी एखाद्या जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तेथे पंधरा-वीस खुर्च्या मांडल्या, तर दुखण्यातून उठलेल्यांना एकमेकांच्या सोबतीने प्रारंभ करता येईल. आपल्या समाजात परिचारिका आणि डॉक्टर ह्यांची वाण नाही. खर्च थोडा आहे. घरी एकट्याने बाटली उचलताना ज्याला संकोच वाटतो, त्याला चारचौघांत तीच बाटली उचलताना कदाचित हसू येईल, आणि पुढच्या खेपेस तो स्वतःहून अर्धा तास आधी येऊन खुर्च्या मांडू लागेल.